पुंडलिकाच्या पायाखालची वाळू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर पावसाळ्यात उजनी धरणातून पाणी सुटले की एक छायाचित्र ठरलेले असते. चंद्रभागेचे गढूळ पाणी, त्यातून वर डोकावणारे शिखर आणि खाली ओळ: ‘भक्त पुंडलिकाच्या मंदिराला पुराचा वेढा’. वृत्तपत्र कोणतेही असो, ओळ बदलत नाही. छायाचित्र खोटे नसते, पण त्यामुळे वाचकाच्या मनात बसणारी धास्ती भलत्याच जागी बसते. हे मंदिर नदीच्या पात्रातच बांधलेले आहे. पाणी येणार हे बांधणाऱ्याला ठाऊक होते. मंदिराला खरा धोका पाणी ओसरल्यावर सुरू होतो, पायाखालची वाळू उपसली जाते तेव्हा. स्नानाला उतरणाऱ्या माणसांना धोका आहे तोही त्याच उपशाचा. आषाढी-कार्तिकीला सोलापुरातून पंढरीला जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून काही गोष्टी तपशिलाने लिहीत आहोत. पत्र लांबले आहे. छाटायचेच झाले तर कथेचा भाग छाटू नये, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

कथा सगळ्यांना येते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेकांना फक्त शेवट येतो: देव दारात आला, पुंडलिकाने वीट फेकली, देव विटेवर उभा राहिला. मधला भाग गळून जातो आणि नदी त्या मधल्या भागात आहे. जानुदेव आणि सत्यवती यांचा हा मुलगा लग्नानंतर आईबापांना विचारीनासा झाला. काशीयात्रेला निघाला तेव्हा नवरा-बायको घोड्यावर आणि म्हातारे आईबाप पायी, अशी ती यात्रा. वाटेत कुक्कुटऋषींच्या आश्रमात मुक्काम पडला. पहाटे पुंडलिकाला दिसले की मळक्या वस्त्रांतल्या काही स्त्रिया आश्रमात आल्या, त्यांनी झाडलोट केली, सडा घातला, पाणी भरले आणि परत जाताना त्यांची वस्त्रे लख्ख झाली होती. त्याने पाय धरून विचारले तेव्हा कळले की त्या गंगा, यमुना, सरस्वती. लोक आपली पापे त्यांच्यात धुतात म्हणून त्या मळतात आणि आईबापांची सेवा करणाऱ्या कुक्कुटऋषींच्या अंगणात राबून स्वच्छ होतात. हा ऋषी काशीला कधी गेलाच नव्हता, असेही कीर्तनकार आवर्जून सांगतात.

म्हणजे पंढरीच्या मूळ कथेतच नदी मळते, आणि ती मळते यात्रेकरूंमुळे. ती आपोआप शुद्ध होत नाही. कुणाचे तरी कष्ट लागतात. नदीत काहीही टाका, ती पवित्रच राहते असे म्हणणाऱ्याने ही कथा पुन्हा एकदा ऐकावी.

पुंडलिक माघारी फिरला आणि दिंडीरवनात आईबापांची सेवा करू लागला. इकडे रुक्मिणी रुसून द्वारकेहून निघाली ती याच दिंडीरवनात येऊन बसली. तिच्या त्या जागी नदीकाठी लखुबाईचे देऊळ आहे. तिला शोधत कृष्ण आला आणि पुंडलिकाच्या दाराशी थांबला. आईबापांचे पाय सोडून उठणे शक्य नव्हते म्हणून पुंडलिकाने जवळची वीट सरकवली. पावसाचे दिवस, अंगणात चिखल, देवाचे पाय भरू नयेत म्हणून वीट, असे सांगण्याची जुनी पद्धत आहे. वीट फेकण्यात उर्मटपणा नाही, पाहुण्याची सोय आहे. चिखलपाणी या क्षेत्राला पहिल्या दिवसापासून नवे नाही, हेही त्यात आलेच.

देवाने वर म्हणून तिथेच राहायचे कबूल केले. म्हणून वारकऱ्यांच्या जयघोषात आधी ‘पुंडलिक वरदे’ येते आणि मग ‘हरि विठ्ठल’. मंदिरांची मांडणीही तशीच आहे. विठ्ठल पूर्वाभिमुख, महाद्वार पूर्वेला, महाद्वारातून उतार थेट नदीकडे आणि नदीत पुंडलिक. जुना रिवाज असा: आधी चंद्रभागेचे स्नान, मग पुंडलिकाचे दर्शन, मग महाद्वारात नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी, आणि त्यानंतर विठ्ठल. आता गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न रांग कुठे लागते हा असतो. पदस्पर्शाच्या रांगेत उभे राहायचे की मुखदर्शन घेऊन निघायचे, याचा हिशोब करताना पुंडलिक राहून जातो. एरवी, यात्रा नसताना, त्याच्या दर्शनाला फार वेळ लागत नाही. त्याला वगळून विठ्ठलाकडे जाणे म्हणजे ज्याने पाहुण्याला थांबवून घेतले त्याला न विचारता पाहुण्याशी बोलणे.

मंदिरात काय आहे याचाही गोंधळ दिसतो. तिथे पुंडलिकाची उभी मूर्ती शोधणारे लोक आहेत. तिथे आहे ती समाधी, शिवलिंगाच्या रूपातली, तिच्यावर मुखवटा चढवतात. म्हणून विठ्ठलाच्या गावात महाशिवरात्रीला या मंदिरात गर्दी होते. नदीही मुळात शंकराचीच. त्रिपुरासुराशी झालेल्या युद्धानंतर शंकराच्या अंगातून जो घाम वाहिला त्याची भीमा झाली, अशी भीमाशंकरची कथा आहे. शैव नदी, तिच्या वळणावर वैष्णव देव आणि त्या देवाच्या भक्ताची समाधी पुन्हा लिंगरूपात. शैव-वैष्णव वादाची पुस्तके चाळण्याआधी हे एकदा पाहून यावे. पुंडलिकाच्या पूजेचा मान परंपरेने महादेव कोळी समाजाकडे आहे. नदी ज्यांना वाचता येते त्यांच्याकडेच नदीतले देऊळ सोपवलेले असावे, हे आम्हाला फार शहाणपणाचे वाटते. मंदिर चांगदेवांनी बांधवले अशी परंपरा आहे. क्षेत्राचे नाव पुंडलिकाशी त्याआधीपासून जोडलेले होते एवढे मात्र पक्के, कारण यादव राजा कृष्ण याच्या १२४९ च्या ताम्रपटात भीमरथीच्या काठचे ‘पौंडरीक क्षेत्र’ असा उल्लेख येतो. भीमरथी म्हणजे आपली भीमाच. चंद्रकोरीसारख्या वळणामुळे पंढरपूरपाशी ती चंद्रभागा होते, गाव मागे पडले की पुन्हा भीमा.

मंदिराजवळच्या पात्राला लोहदंड तीर्थ म्हणतात. इंद्राच्या शापमुक्तीची कथा या जागेशी जोडलेली आहे आणि इथे दगडाचीही होडी तरते अशी श्रद्धा आहे. ही श्रद्धा ज्याने त्याने मनात ठेवावी, पोहायला येत नसताना तिची परीक्षा पाहू नये. थोडे पुढे गोपाळपूरजवळ पात्रातल्या खडकावर विष्णुपद आहे. कृष्णाची आणि गाईंची पावले तिथे दाखवतात. मार्गशीर्षात देव महिनाभर तिथे मुक्कामाला असतो म्हणून त्या महिन्यात तिकडे जेवणाचे डबे घेऊन जाणारी कुटुंबे दिसतात. शेजारी पात्रातच नारदाचे छोटे देऊळ आहे, तेही पुरात बुडते. आषाढीची वारी पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याने पुरी होते. एकादशीलाच परतीची एसटी धरणाऱ्यांची वारी, जुन्या माणसांच्या भाषेत, अर्धीच.

आता पाण्याकडे वळू. भीमा भीमाशंकरला उगम पावून ८६१ किलोमीटर वाहत कृष्णेला मिळते. वाटेत आळंदी-देहूची इंद्रायणी तिला तुळापूरला मिळते, पुढे मुळा-मुठेचे पाणी येते, घोडचे येते आणि हे सगळे उजनीत साठते. माउलींची आणि तुकोबांची पालखी रस्त्याने येते, इंद्रायणी मात्र पाण्यातून आधीच येऊन पोचलेली असते. दुर्दैवाने तिच्याबरोबर पुणे-पिंपरीचे सांडपाणीही येते. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातले सुमारे ६३.६५ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी न सोडता येणारे तळचे पाणी, आणि ५३.५७ उपयुक्त. बातम्यांत येणारी टक्केवारी या ५३.५७ ची असते. ‘उजनी शून्यावर’ म्हणजे धरण कोरडे नव्हे, तळात ६३ टीएमसी असतेच. ‘१११ टक्के’ म्हणजे एकूण साठा १२३ टीएमसीच्या आसपास. त्या पातळीला वरून येणारे पाणी पोटात घ्यायला धरणात जागा उरलेली नसते. जेवढे येईल जवळपास तेवढे सोडावे लागते आणि पंढरपूरच्या पुराची वेळ बहुधा हीच असते.

पण फक्त उजनीचा आकडा पाहून नदीचा अंदाज बांधणारे फसतात. नीरा भीमेला मिळते ती उजनीच्या खाली, नीरा-नरसिंहपूरला. नरसिंहपूर पुणे जिल्ह्यात, समोरच्या काठावरचे संगम हे गाव आपल्या माळशिरस तालुक्यात. नीरेवरचे वीर धरण भाटघर आणि नीरा देवघरच्या मानाने लहान. वर पाऊस झाला की ते झटकन भरते आणि पाणी खाली सोडते. म्हणून उजनीचा विसर्ग कमी झाल्याची बातमी वाचून माणसे पात्रातल्या वाळवंटात उतरतात आणि संध्याकाळी वीरचे पाणी पोचते. नरसिंहपूरच्या संगमाखालचा एकत्रित विसर्ग हा पंढरपूरसाठी खरा आकडा. माण नदी पंढरपूरच्या खाली मिळते, तिच्या पुराने पंढरपूरच्या घाटावर फारसा फरक पडत नाही. सीना तर पार कुडलला, हत्तरसंगला.

आमची विनंती इतकीच की छायाचित्राखालच्या ओळीत वेढ्याऐवजी तीन गोष्टी छापाव्यात: उजनीचा विसर्ग, वीरचा विसर्ग आणि दोन्हींच्या वेळा. वाचकाला आकडा समजावा म्हणून हिशोबही एकदा द्यावा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटरहून जास्त, आणि असा विसर्ग चोवीस तास चालला तर ८.६४ टीएमसी पाणी खाली जाते. पाणी पोचायला किती वेळ लागेल हे मात्र एका आकड्यात सांगता येत नाही. नदी कोरडी असेल तर आधी वाळू पाणी पिते, मग वाटेतले कोल्हापुरी बंधारे भरतात आणि मग ते पुढे सरकते. नदी आधीच भरून वाहत असेल तर तेच पाणी फार लवकर पोचते. मागच्या खेपेला इतके तास लागले म्हणून याही खेपेला तितकेच लागतील, हा हिशोब धरू नये.

आणखी एक. पाऊस नसताना नदी वाढते. सोलापूर शहरासाठी औज बंधारा भरायला उजनीतून नदीत पाणी सोडतात. ते आठ-दहा दिवसांनी औजला पोचते आणि वाटेत चंद्रभागेतूनच जाते. उन्हाळ्यात चैत्री वारीच्या सुमारास किंवा माघीनंतर कोरड्या पात्रात मुक्काम टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आषाढीला पाऊस लांबला तर स्नानासाठीही पाणी सोडतात. आकाश निरभ्र आहे म्हणजे नदी स्थिर आहे असे उजनीखाली कधीच नसते.

पुरात मंदिराचे काय होते? फारसे काही नाही. दगडी, जड, बुटके बांधकाम. मंडपात पाणी शिरते आणि आतल्या-बाहेरच्या पाण्याचा दाब सारखा होतो, त्यामुळे भिंत कोलमडत नाही. बंद दार लावून पाणी अडवायला गेलो तर उलट भिंतीवर एका बाजूने भार येईल. त्रास होतो तो तीन गोष्टींनी. पहिली, वाहून येणारे ओंडके. दुसरी, जलपर्णी. वरून तिचे तराफेच्या तराफे येतात, खांबांना अडकतात आणि मागून पाणी ढकलत राहते. ज्या खांबाने वाहते पाणी सहज सोसले असते त्याच्यावर एक भिंतच उभी राहते. पाणी उतरू लागताच ही जलपर्णी काढली पाहिजे, ती पाण्यातच कुजू दिली तर दुर्गंधी आणि डास वेगळे. तिसरी गोष्ट सर्वांत वाईट, पायाभोवतीची खरवड. कोणत्याही अडथळ्याभोवती पाणी भोवरे घेते आणि तळची वाळू उचलते. पूर ओसरताना वरून आलेली नवी वाळू ती जागा बऱ्याच प्रमाणात भरून काढते. शेकडो वर्षे हा देवाणघेवाणीचा व्यवहार चालला.

तो बिघडला आहे. वरच्या धरणांत वाळू अडते, म्हणजे जमा कमी. पात्रातून रात्री वाळू उपसली जाते, म्हणजे खर्च अफाट. पात्र खाली खाली जाते आणि पाया उघडा पडतो. उपसा मंदिरापासून लांब चालला आहे म्हणून मंदिराला धोका नाही, ही समजूत चुकीची आहे. पात्रात मोठा खड्डा पडला की पाणी तो भरण्यासाठी वरच्या बाजूची वाळू ओढून नेते, खड्डा पात्रातून वर वर सरकत जातो. घाटांच्या तळच्या पायऱ्या अधांतरी होतात त्या याच कारणाने, आणि मग त्यावर काँक्रीट ओतले जाते. काँक्रीटच्या कडेला भोवरे आणखी जोर धरतात. वाळू जागेवर ठेवणे हाच मंदिराचा खरा जीर्णोद्धार आहे, बाकी सगळे शृंगार.

पूर ओसरल्यावरच्या सफाईबद्दल, कारण उत्साही मंडळी दरवर्षी चुका करतात. गाळ ओला असतानाच काढायचा. तो वाळला की दगडाला चिकटून बसतो आणि मग लोक फावड्याने खरवडतात, कोरीवकाम जाते. लाकडी फळी किंवा प्लास्टिकचे फावडे, घमेली आणि साधे पाणी एवढे पुरते. वरून खाली धूत यायचे, आधी शिखराच्या खाचा, मग मंडप, शेवटी फरशी. उलटे केले तर तेच काम दोनदा. दाबाच्या यंत्राने फवारा मारायचाच तर लांबून. सांध्यात जवळून मारला तर चुना निघून येतो. आम्ल अजिबात नको. ते चुन्याला खाते आणि दगडावर पांढरे डाग सोडते.

ऑइलपेंट हा देवळांचा मोठा शत्रू. पात्रातल्या मंदिराचा दगड महिनोन्महिने पाणी शोषतो आणि नंतर ते हळूहळू बाहेर टाकतो. रंगाचा थर लावला की आतला ओलावा आणि क्षार अडकतात, थोड्या दिवसांत रंगासकट दगडाचा पापुद्रा सुटतो. लोक म्हणतात रंग हलका निघाला, आणि पुन्हा जाड थर देतात. सिमेंटचेही तसेच. जुन्या सांध्यात सिमेंट भरले की सांधा दगडापेक्षा टणक होतो, हालचाल दगडाच्या कडा सोसतात आणि तडे दगडाला जातात. सांधा चुन्यानेच भरावा. मुरवलेला चुना एक भाग, वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) मिळून दोन ते तीन भाग. जुने गवंडी त्यात गुळाचे पाणी, हिरडा, बेलफळाचा गर घालत. भरल्यावर किमान आठ-दहा दिवस ओले गोणपाट लावून ठेवायचे. हा धीर नसतो, म्हणून चुना ‘टिकत नाही’. शिखरावर पिंपळ उगवला तर उपटू नये. मूळ येताना दगड घेऊन येते. बुंध्याशी कापून मूळ जागेवर मारावे लागते, आणि ते जाणकाराकडूनच.

आता माणसांचे. चंद्रभागेत बुडण्याच्या घटना भर पुरात फारशा होत नाहीत, तेव्हा कुणी उतरत नाही आणि उतरू दिलेही जात नाही. माणसे बुडतात ती नदी शांत दिसते तेव्हा. उपशाच्या खड्ड्यात पाणी भरले की वरून सपाट दिसते. गुडघाभर पाण्यातून चालता चालता पुढचे पाऊल पुरुषभर खोल जाते. खड्ड्याची कड भुसभुशीत असते, धडपडले की ती आणखी ढासळते, आणि हात धरायला धावलेला दुसरा त्याच कडेवरून आत जातो. एकाच कुटुंबातले दोघे-तिघे एकदम जातात ते असे. नऊवारी भिजली की पायांत गुंडाळते आणि चांगली पोहणारी बाईही हतबल होते.

म्हणून, घाट सोडून भलतीकडे उतरू नये. हातात काठी घ्यावी आणि पाय टाकण्याआधी तळ चाचपावा. कमरेच्या वर पाण्यात जायचे काही कारण नाही, तीन वेळा तांब्याने अंगावर घेतले तरी स्नान होते. पाणी वाहते असेल तर गुडघ्यापर्यंतच. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, डोळ्यांना तो फरक दिसत नाही. वळणावरची नदी बाहेरच्या कडेला खोल आणि वेगवान असते, आतल्या कडेला उथळ. लहान मुलांना कडेवर घेऊन आत जाऊ नये, काठावर बसवून पाणी घालावे. कुणी खड्ड्यात गेलेच तर मागोमाग उडी घालू नये. काठावर पालथे झोपून धोतर, उपरणे, पिळलेली साडी टाकावी. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन दोरीला बांधून जवळ ठेवला तर तो माणसाचे डोके पाण्यावर धरू शकतो. दिंडीत असे दोन कॅन सहज असतात, फक्त रिकामे ठेवायला कुणी सांगत नाही. होडीत बसताना जॅकेट मागून घ्यावे, आणि पुंडलिकाचे शिखर फोटोत यावे म्हणून सगळ्यांनी एका बाजूला सरकू नये.

उरले ते नदीत टाकण्याचे. न्यायालयाच्या आदेशानंतर वाळवंटातल्या राहुट्या हटल्या, नदीपलीकडे ६५ एकरांचा तळ झाला आणि पात्राची दशा आधीपेक्षा पुष्कळ सुधारली, हे मान्य करायला हवे. २०१६ मध्ये सरकारने ‘नमामि चंद्रभागा’ही जाहीर केली. पण सरकार जुनी साडी पाण्यात सोडत नाही, ती आपण सोडतो. स्नानानंतर अंगावरचे कपडे नदीत टाकले की पाप जाते, ही चाल कुठून आली कोण जाणे. पुंडलिकाच्या कथेत तर मळके कपडे नद्यांचेच आहेत. हे कपडे वाळूत रुततात, बंधाऱ्याच्या बरग्यांत (पाणी अडवणाऱ्या फळ्यांत) अडकतात, आणि पाण्याखाली पायांत गुंतून पडायला होते. दिवा सोडायचा तर पानाच्या द्रोणात, कापूस आणि तूप, एवढेच. थर्माकोलची वाटी आणि मेणबत्ती नको. हार टाकण्याआधी दोरा आणि प्लास्टिकची जर काढावी, नाहीतर निर्माल्यकुंडात द्यावा. साबण लावून अंघोळ करायची तर नळावर. नदीत नुसत्या पाण्याने. अस्थी आणायच्या तर राख वेगळी ठेवून मूठभर अस्थी स्नानाच्या जागेपासून खालच्या अंगाला सोडाव्यात, मडके आणि फडके परत आणावे.

चंद्रभागेचे पाणी घरी आणायची पद्धत आहे, ती मोडा असे आम्ही म्हणत नाही. ते देवघरात ठेवावे, शिंपडावे. तीर्थ म्हणून ओंजळीने पिऊ नये, लहान मुलांना आणि आजाऱ्यांना तर नाहीच. तुरटी फिरवली की पाणी नितळ होते, जंतू मरत नाहीत. घ्यायचेच असेल तर नितळवून, गाळून, खळखळून उकळावे. उकळल्याने जंतू जातात, वरून आलेली रसायने जात नाहीत, म्हणून तेही पळीभरच. तांब्या पात्रात बुडवताना काठच्या गढूळ पाण्यात नको, वाहत्या पाण्यात तोंड प्रवाहाच्या उलट करून.

सोलापूरकरांनी यातले प्रत्येक कलम जरा जास्तच मनावर घ्यावे. पंढरपुरात जे पाण्यात पडते ते वाहत औज-चिंचपूरच्या बंधाऱ्यांत येते, टाकळीच्या पंपांनी उचलले जाते आणि शुद्ध होऊन आपल्या नळाला येते. शुद्धीकरण केंद्रात गाळणीला लागलेल्या चिंध्या कुणाच्या, हे विचारायला कुणी येत नाही.

कळावे,
आपले नियमित वाचक,
सोलापूर